भलतीचे व्याकरण

लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती. त्यामुळे टपालाची पाकिटे छातीशी धरून ती जिन्याने चढत होती, आणि दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर तिची वाट अडली. पायरीच्या मधोमध एक तरुण मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन बसला होता. एक पान तो वाचत होता, पुन्हा पहिल्यापासून वाचत होता आणि मान हलवत होता.

"जरा सरकता का?"

"सरकतो. पण आधी एक उपकार करा. एवढं एक पान वाचा आणि प्रामाणिकपणे सांगा... हसू येतं का?"

प्रश्न इतका सरळ होता की ती नाही म्हणू शकली नाही. पाकिटे काखेत मारून तिने पान हाती घेतले. शाळेतल्या तोंडी परीक्षेचा प्रसंग होता. बाई विचारतात, 'खुर्ची?' नऊ वर्षांची मुलगी सांगते, 'ती खुर्ची.' बाई विचारतात, 'टेबल?' मुलगी सांगते, 'ते टेबल.' 'शाळा?' 'ती शाळा.' त्यावर सगळा वर्ग पोट धरधरून हसतो आणि बाई कपाळाला हात लावतात.

"एकही चूक नाही," ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, "पण... वर्ग का हसतोय?"

"तेच! तेच मी तासभर या जिन्याला विचारतोय. लिहिलं तेव्हा हसण्यासारखं होतं हो. कुणीतरी माझ्या पोरीचा गळा दाबलाय."

"कुणी?"

"इथल्या मुद्रितशोधकाने. असेल कोणी म्हातारा. टक्कल पडलेला, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आयुष्यात कधी हसला नसेल."

"टक्कल नाही पडलेलं," ती सावकाश म्हणाली.

"ओळखता तुम्ही त्यांना?"

"लहानपणापासून."

त्याने वर पाहिले. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. तिने पानाच्या कोपऱ्यातल्या बारीक निळ्या सहीवर बोट ठेवले आणि सांगून टाकले, "ही सही माझी आहे."

त्याने सहीकडे पाहिले, मग तिच्याकडे. मग तो हसू लागला, इतका की कागद मांडीवरून घसरून पायऱ्यांवर पसरले, आणि ते गोळा करायला तिलाही वाकावे लागले.

घडले होते ते असे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या प्रकाशनसंस्थेत रुजू होऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याआधी आठ वर्षे तिने कायद्याची पुस्तके तपासली होती. त्या पुस्तकांत एखादा स्वल्पविराम सरकला तरी लोकांची घरे हातची जात. वडील संस्कृतचे निवृत्त शिक्षक. व्याकरण ही तिच्यापुरती घरातल्या हवेसारखी गोष्ट होती. कार्यालयात तिला पहिल्याच आठवड्यात 'वेलांटी' असे नाव पडले होते आणि ते तिला ठाऊकही होते. आधीचे मुद्रितशोधक निवृत्त होताना कपाटाची किल्ली देऊन गेले. पण मुलांच्या त्या पुस्तकमालेतल्या नायिकेची भाषा मुद्दाम चुकीची आहे, एवढे सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले. तिच्यासमोर चौथे पुस्तक आले. तिने दोनशे बारा ठिकाणी लिंग दुरुस्त केले, त्यानुसार क्रियापदे बदलली, विशेषणे बदलली, आणि काम चोख झाले म्हणून समाधानाने सही केली.

त्या नायिकेचे नाव भलती. ती जे काही बोले, त्यावर मोठी माणसे 'भलतंच काहीतरी!' म्हणत, म्हणून हे नाव. वर्गात तिला कुणी जवळ करत नसे, कारण तिच्या मते वस्तूंचे लिंग पुस्तकातून शिकायचे नसते, वस्तूच्या स्वभावावरून ओळखायचे असते. खुर्ची हा मुलगा. तो कायम पाय पसरून उभा असतो. टेबल ही आई. सगळेजण सगळे काही तिच्यावरच आणून टाकतात. शाळा हा काका. तो लांबूनच ओरडतो. म्हणून ती म्हणे, 'तो शाळा उद्या बंद आहे ना?' आणि वर्ग हसे.

"सगळे तिला सुधारू बघतात," कागद जुळवता जुळवता त्याने सांगितले. "बाई, शेजारी, डॉक्टर. तीन पुस्तकं झाली, कुणालाच जमलं नाही. म्हणून तर मुलं वाचतात. आणि चौथ्यात ती छापखान्याच्या दारात सुधारली!"

"मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते, सगळ्या दुरुस्त्या रद्द करा म्हणून."

परंतु ते तितके सोपे नव्हते. प्रकाशकबाई या साठीच्या, ठसठशीत आवाजाच्या विदुषी. दोघांना एकदमच दारात पाहून त्यांनी चष्मा काढला.

"दुरुस्त्या रद्द? मला तर हीच प्रत आवडली आहे. शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीने पहिली तिन्ही परत पाठवली. शेरा काय, तर 'भाषा सदोष'. आता पहिल्यांदा सगळं शुद्ध होऊन आलंय, आणि तुम्ही मला ते पुन्हा नासवायला सांगता?"

"शुद्ध झालं, पण पुस्तक राहिलं नाही," तो म्हणाला.

"अहो, मुलं चित्रं बघतात."

"मग मला माझं लिखाण परत द्या. मी छापत नाही." आवाज चढलेला नव्हता. चष्मा मोडला तर नवा करून घेऊ म्हणावे, इतक्या साधेपणाने तो बोलला. "तिला सुधारणार नाही असं मी कबूल केलंय."

"कुणाला कबूल केलंयत?"

तो हातातल्या कागदांच्या कडा जुळवू लागला.

"शुक्रवारी पानं छापखान्यात जातील," बाई म्हणाल्या. "एकतर शुद्ध प्रत जाईल, नाहीतर काहीच नाही. तोवर डोकं शांत करून या."

त्या संध्याकाळी तिने मालेतली पहिली तीन पुस्तके घरी नेली. वाचताना ती दोनदा मोठ्याने हसली, आणि एकदा, भलती मधल्या सुटीत एकटीच पाण्याच्या टाकीला 'दादा' म्हणून हाक मारते त्या पानावर, तिने पुस्तक मिटून काही वेळ मांडीवर ठेवले. मग ती वडिलांच्या खोलीत गेली.

"बाबा, माझ्या हातून मोठी चूक झाली."

"तुझ्या हातून? ऐकू दे तरी. हा योग पुन्हा येणार नाही."

तिने सगळे सांगितले. वडिलांनी पहिले पुस्तक उघडले, आणि बघता बघता त्यांचे खांदे हलू लागले.

"अगं, या मुलीचं काय चुकलं? संस्कृतात बायकोला शब्द किती? 'भार्या' स्त्रीलिंगी. 'दार' पुल्लिंगी, तोही नेहमी अनेकवचनी. 'कलत्र' नपुंसकलिंगी. बायको तीच, एकच. लिंग वस्तूत नसतं बाळ, बोलणाऱ्याच्या जिभेवर असतं. जुने वैयाकरण हे मान्य करूनच पुढे गेले."

"मग त्या तिघांपैकी एकाला तरी दुधाकडे बघायला पाठवा!" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "उतू चाललंय!"

वडील लगबगीने उठले. दारातून वळून ते म्हणाले, "त्या मुलीला व्याकरण नाही असं समजू नकोस. आहे. फक्त कुणी लिहून घेतलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिने लेखकाच्या दुकानात फोन केला. त्याचे चष्म्याचे दुकान होते. डोळे तपासून चष्मे करून देणे हा पोटापाण्याचा उद्योग, आणि लेखन दुकान बंद झाल्यावर. दुपारी एक ते तीन त्याला मोकळीक असे.

"शुक्रवारपर्यंत अजून तीन दुपारी आहेत," ती म्हणाली. "मला भलतीचं व्याकरण लिहून काढायचंय. तुम्ही आल्याशिवाय ते व्हायचं नाही."

"मी आलो तर होईल?"

"ते बघू."

तो आला. मागच्या लहान खोलीत, गोंदाचा आणि कोऱ्या कागदाचा वास साचलेला असे तिथे, दोघे एका अरुंद मेजाशी समोरासमोर बसले. ती रद्द केलेल्या प्रत्येक दुरुस्तीखाली ठिपके देई आणि समासात लिही: 'मूळप्रमाणे'. एक, दोन, वीस, साठ. तो पान उलटवी. मधूनच तो कागदाकडे न पाहता तिच्याकडे पाही.

"काय झालं?"

"तुमचा नंबर बदललाय."

"माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"चष्म्याचा हो! पान दर ओळीला थोडं लांब धरताय."

"अस्सं. मला वाटलं, नंबर मागायची नवी पद्धत आहे."

"मागितला तर मिळेल?"

"पान तेरा," ती म्हणाली. परंतु समासात 'मूळप्रमाणे' लिहिताना तिचा 'ळ' वाकडा आला, आणि तो तिने खोडलाही नाही.

तिसऱ्या दुपारी तिने त्याची चूक पकडली.

"इथे तुम्ही चुकलात. 'ती खिडकी उघडली' असं लिहिलंय. भलतीच्या नियमाने खिडकी 'तो' आहे, चौथ्या पानावर तिने कारणही दिलंय. डोळे मिटून झोपतो म्हणून."

"म्हणजे मी बरोबर लिहिलंय?"

"बरोबर लिहिलंय म्हणूनच चुकलंय. अशा नऊ जागा आहेत."

त्याने ती पाने ओढून घेतली, एकेक पाहिले. आठ ठिकाणी त्याने निमूटपणे पेन्सिलीने बदल केला. नवव्याशी तो थांबला.

"हे राहू द्या. बाविसाव्या पानावर 'ती खिडकी'च हवी."

"का? नियम मोडेल."

"नाही मोडत. इथे तिला मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावलंय. ती घाबरली आहे." त्याने पानाची दुमडलेली कड सरळ केली. "घाबरली की ती सगळ्यांसारखं बोलते."

तिने पेन्सिल खाली ठेवली. बाहेर कुठेतरी कागद कापण्याचे यंत्र एका लयीत चालले होते.

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"भलती म्हणजे मीच. मुलगी केली म्हणजे कुणी ओळखणार नाही असं वाटलं होतं. चौथीत मी अशीच परीक्षा दिली होती, दहापैकी दहा चुका. त्यानंतर दोन वर्षं शाळेत तोंड उघडलं नाही. मग उघडलं ते अगदी शुद्ध." तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "तेव्हा स्वतःलाच कबूल केलं होतं. निदान एक मूल तरी असं असेल, ज्याला कुणी दुरुस्त करणार नाही."

तिने बाविसावे पान पुन्हा एकदा वाचले.

"तुम्ही मात्र नेहमीच शुद्ध बोलता," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे मी नेहमीच घाबरलेली असते?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीत... पण म्हणालात."

ती रागावली नव्हती. समोरच्या माणसाने न विचारता आपले एखादे पान वाचावे आणि ते नीट वाचावे, तसे काहीसे तिला वाटले. तिने बाविसाव्या पानावर त्या एका शब्दाखाली जपून ठिपके दिले. नंतर वहीत नियम लिहिला: 'भय असता लोकवत्.' तो काय आहे ते त्याने विचारले. "बाबांच्या धाटणीत लिहिलंय," ती म्हणाली. "घाबरली की चारचौघांसारखी."

शुक्रवारी सकाळी ती प्रकाशकबाईंसमोर उभी राहिली. तो एक पाऊल मागे उभा होता. मेजावर दोन प्रती होत्या. एक शुद्ध, दुसरीत भलती जशीच्या तशी, आणि शेवटी जोडलेले एक पान: 'भलतीचे व्याकरण, नियम अकरा'. दुसऱ्या प्रतीवर तिने 'छापण्यास योग्य' असे लिहून सही केली होती.

"सही केलीस?" बाईंनी विचारले. "समितीने हेही परत पाठवलं तर?"

"तर चूक माझी आहे असं मी लिहून देईन. मुद्रितशोधकाच्या सहीशिवाय आपण काही छापत नाही, आणि त्या शुद्ध प्रतीवर मी सही करणार नाही. त्यात चुका आहेत."

"किती?"

"दोनशे बारा. सगळ्या मी केलेल्या."

बाईंनी चष्मा लावला. अकरा नियम त्यांनी खालपर्यंत वाचले, मग पुन्हा वरून वाचले. "हे कागदावर ठीक आहे गं. पण नियम म्हटला की तो पुस्तकाबाहेरही चालला पाहिजे. पंखा घ्या. पंखा पुस्तकात नाही. हा वरचा पंखा भलतीच्या हिशेबाने कोण?"

"ती," दोघे एकाच श्वासात म्हणाले.

"का?"

"आजी आहे ती," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी तीही म्हणत होती, "सगळ्यांना वारा घालते..."

"...आणि स्वतः जागच्या जागी फिरत राहते," त्याने पुरे केले.

बाईंनी पंख्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, मग तिच्याकडे. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

"असं आहे होय," त्या म्हणाल्या. हे त्या पंख्याविषयी म्हणाल्या की आणखी कशाविषयी, हे विचारण्याचे धाडस दोघांतल्या कुणाला झाले नाही. "घेऊन जा ही प्रत छापखान्यात. समितीचं मी बघते."

पुस्तक बचावले. परंतु त्यामुळे एक अडचण उभी राहिली, जिचा विचार तिने केला नव्हता. पाने छापखान्यात गेल्यावर लेखकाला तिसऱ्या मजल्यावर येण्याचे कारण उरत नाही.

पहिला आठवडा तिने लिफ्टच्या आवाजाकडे कान लावून काढला. दुसऱ्या आठवड्यात लिफ्टकडे लक्ष द्यायचे नाही असे तिने ठरवले. तिने एका पाककृतींच्या पुस्तकाची मुद्रिते तपासली, त्यात मीठ दोनदा पडत होते ते काढले. फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला. विचारणार काय? पुस्तकात आता एकही शंका शिल्लक नव्हती. तिनेच ती शिल्लक ठेवली नव्हती.

चौथ्या आठवड्यात छापील प्रती आल्या. तिने वरची प्रत उचलली, सवयीने पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि तिथेच थबकली. अर्पणपत्रिकेचे पान तिने तपासलेले नव्हते. ते तिच्या मेजावरून गेलेच नव्हते. कोऱ्या पानाच्या मध्यावर एकच ओळ होती:

'तुला — जिने भलतीला भलतीच राहू दिले.'

प्रकाशकबाई आपल्या खोलीत टपाल पाहण्यात भारीच गढून गेल्या होत्या.

त्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्याचे दुकान तिने प्रथमच पाहिले. अरुंद, उजळ, भिंतभर चौकटी, शेवटी अक्षरांचा तक्ता. उंच खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ डाव्या डोळ्यावर झाकण आणि उजव्यावर भिंग लावून तक्ता वाचत होते. ती दारात उभी राहिलेली पाहताच चष्मेवाल्याच्या हातातले भिंग डबीत पडायच्या ऐवजी जमिनीवर पडले.

"तुम्ही मला न दाखवता एक पान छापलंत," ती म्हणाली.

"दाखवलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतं."

"त्यात चूक आहे."

त्याचा चेहरा उतरला. "शक्य नाही. मी कोश उघडून तीनतीनदा बघितलं. 'जिने'ची वेलांटी..."

"वेलांटी ठीक आहे. 'तुला' असं छापलंय." तिने प्रत पुढे केली. "आपण एकमेकांना 'तुम्ही' म्हणतो."

तो काही वेळ त्या एका शब्दाकडे पाहत राहिला.

"लिहिताना 'तुम्हाला'च लिहिलं होतं," तो म्हणाला. "मग वाचून पाहिलं, तर... खोटं वाटलं. महिनाभर मनात काही 'तुम्ही' म्हणत नव्हतो मी. तोंडावर म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून छापलं." मग घाईने तो म्हणाला, "तुमची हरकत असेल तर शुद्धिपत्र लावू. मी स्वतः चिकटवीन. प्रत्येक प्रतीत."

"दोन हजार प्रती आहेत."

"बसेन की."

तिने पुस्तक मिटले, काउंटरवर ठेवले आणि त्यावर तळहात ठेवला. आठ वर्षे कायद्याची आणि काही आठवडे मुलांची पुस्तके तपासलेल्या त्या मुलीने आयुष्यात प्रथमच एका चुकीपुढे पेन्सिल काढली नाही.

"इतका खटाटोप कशाला?" ती म्हणाली. "छापलंय ते राहू दे. बोलणं दुरुस्त केलं की झालं."

"म्हणजे...?"

"म्हणजे... तू दुकान किती वाजता बंद करतोस?"

त्याने घड्याळाकडे पाहिलेही नाही.

"आत्ता," तो म्हणाला. "आत्ताच बंद करतो."

"आणि माझा डावा डोळा?" उंच खुर्चीवरून वृद्ध गृहस्थांनी विचारले.

दोघांनी एकदमच त्यांची क्षमा मागितली. मग तो डावा डोळा, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, रीतसर तपासला गेला, आणि तोवर ती दाराजवळच्या बाकावर स्वस्थ बसून राहिली.